कोकणच्या हवेत घरचा पहिला पाव

भात, भाकरी, घावन आणि आंबोळी यांवर पोसलेल्या कोकणातल्या घरांना पाव परका नाही. पण तो बहुतेक वेळा बेकरीतून किंवा सकाळी दारावर येणाऱ्या पाववाल्याकडून येतो. तो घरी करायला घेतला, की निम्मे शास्त्र आपल्या ओळखीचेच निघते, कारण पीठ रात्रभर आंबवून ते फुगू देणे येथे कोणाला शिकवावे लागत नाही. नवा असतो तो पिठात वायू कोंडून धरण्याचा भाग.

आंबोळीच्या पिठात मुख्यतः लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू काम करतात आणि त्यांच्यापासून सुटणारा कार्बन डायऑक्साइड उडदाच्या चिकटपणामुळे पिठात अडकून राहतो. पावाला उडीद लागत नाही, कारण गव्हातच ग्लुटेनिन आणि ग्लायडिन ही दोन प्रथिने असतात, आणि पाणी घालून पीठ मळले की ती एकमेकांत गुंतून ग्लुटेनचे जाळे तयार होते. ग्लुटेनिनमुळे या जाळ्याला ताठपणा येतो, तर ग्लायडिनमुळे ते न तुटता ताणले जाते. तांदळात ग्लुटेन नसल्याने तांदळाच्या पिठाचा पाव याच रीतीने होत नाही. पीठ पुरेसे तिंबले गेले का, हे पाहण्यासाठी त्याचा लिंबाएवढा गोळा घेऊन दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू ताणावा. आरपार उजेड दिसण्याइतका पातळ पडदा न फाटता झाला, तर जाळे तयार आहे, आणि आधीच फाटला, तर आणखी मळावे लागेल. गव्हाच्या कणकेतल्या कोंड्याचे कण हे जाळे जागोजागी तोडतात, म्हणून पहिला पाव मैद्याचाच करावा असे माझे मत आहे, मग आरोग्याची काळजी करणारे काहीही म्हणोत.

पाव फुगवण्याचे काम यीस्ट, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी ही एकपेशीय बुरशी, करते. पिठातली विकरे स्टार्चचे साखरेत रूपांतर करतात आणि यीस्ट त्या साखरेपासून अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार करते. गोव्यातले पोदेर, म्हणजे पाव भाजणारे, पूर्वी पाकिटातल्या यीस्टऐवजी नारळाच्या झाडाची सूर, म्हणजेच माडी, वापरत. झाडावरून उतरवलेली नीरा तासाभरात फसफसू लागते, ती तिच्यात आपसूक वाढणाऱ्या यीस्टमुळेच.

पाककृतीत लिहिलेले ‘दीड तास फुगू द्या’ हे वाक्य मात्र कोकणात जसेच्या तसे मानून चालत नाही. बहुतेक पाककृती २२ ते २४ अंश सेल्सिअसच्या स्वयंपाकघरासाठी लिहिलेल्या असतात, आणि मे महिन्यात रत्नागिरी किंवा मालवणच्या स्वयंपाकघरात ३२ अंश सहज असतात. या टप्प्यात तापमान ८ ते १० अंशांनी वाढले, की यीस्टचा वेग सुमारे दुप्पट होतो. म्हणजे तेच पीठ पाऊण तासातच तयार होते आणि पुढे तसेच राहिले, तर ग्लुटेन सैल पडून वायू निसटतो, पीठ बसते आणि त्याला आंबूस, दारूसारखा वास येतो. यावर उपाय सोपे आहेत. ५०० ग्रॅम मैद्याला ५ ग्रॅमऐवजी २ ते ३ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट घ्यावे, पाणी फ्रिजमधले वापरावे आणि घड्याळाऐवजी पिठाकडे पाहावे: बोट हलके दाबल्यावर पडलेला खळगा सावकाश आणि अर्धवटच भरून आला, तर पीठ भाजायला तयार आहे, आणि झटकन भरून आला, तर अजून वेळ आहे. मिठात कसर करू नये. १० ग्रॅम मीठ चवीबरोबरच ग्लुटेन घट्ट करते आणि यीस्टला आवर घालते.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट बदलते. उघड्या डब्यातल्या मैद्याने हवेतली ओल आधीच ओढून घेतलेली असते, त्यामुळे ३१० मिलिलिटर पाण्यापैकी दोन-तीन चमचे मागे ठेवून गरजेप्रमाणे घालावे.

भाजताना ५५ ते ६० अंशांच्या आसपास यीस्ट मरते, त्यानंतर स्टार्च फुगून गर घट्ट होतो, आणि आत पाणी असेपर्यंत गराचे तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. वरचे कवच मात्र कोरडे होऊन १४० अंशांपलीकडे गेले, की साखर व अमिनो आम्ले यांच्या संयोगातून तांबूस रंग आणि खरपूस वास येतो. १९१२ मध्ये लुई कामिय मायार यांनी या क्रियेचे वर्णन केले. म्हणूनच नुसत्या खालच्या आचेवर, झाकलेल्या पातेल्यात भाजलेला पाव शिजतो, पण वरून पांढराच राहतो. आपल्याकडे धोंडस, म्हणजे काकडीचा गोड केक, करताना झाकणावर निखारे ठेवण्याची रीत आहे, ती याच कारणाने पावालाही उपयोगी पडते.

पाव पूर्ण निवल्यावरच कापावा, नाहीतर गर सुरीला चिकटतो. दमट हवेत कवच काही तासांतच मऊ पडते आणि बुरशीही लवकर धरते, पण म्हणून पाव फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण स्टार्चचे रेणू त्या थंडाव्यात सर्वांत वेगाने पुन्हा जुळून गर कोरडा व कडक करतात. दोन दिवसांत संपणार नसेल, तर काप करून फ्रीझरमध्ये ठेवावेत आणि लागतील तसे तव्यावर गरम करावेत.