जुलमी

जुलमी : (विशेषण, नाम) हाती असलेल्या सत्तेच्या, पैशाच्या किंवा नात्याच्या जोरावर दुबळ्याला सतत छळणारा. एका घावात जीव घेणारा क्रूर ठरतो. जुलमी ठरायला हातात अधिकार लागतो आणि छळाची पुनरावृत्तीही. सोलापुरात मे १९३० मध्ये इंग्रज सरकारकडून मार्शल लॉ (लष्करी कायदा) पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन या चार स्वातंत्र्यसैनिकांना येरवड्यात फाशी झाली. त्या राजवटीला ‘जुलमी’ हाच शब्द नेमका बसतो, कारण तिथे छळाचे हत्यार खुद्द कायदाच होता.

मूळ अरबी ‘झुल्म’. एखादी वस्तू तिच्या जागी न ठेवणे, असा त्याचा अर्थ जुने अरबी कोशकार देतात. दुसऱ्याचा हक्क हिरावणे हा अर्थ त्याला लागूनच येतो. फारसीतून, दख्खनच्या सुलतानांच्या कारभारातून तो इथल्या बोलींत उतरला. कन्नडात ‘जुलुमे’, तेलुगूत ‘जुलुम’. त्यामुळे सोलापूरच्या पेठांत तो कुणालाच समजावून सांगावा लागत नाही.

मराठीने ‘ल्म’ हे जोडाक्षर फोडून ‘जुलूम’ केले, जसे हुक्मचे हुकूम, मुल्कचे मुलूख. प्रत्यय लागताच मधला ऊ गळतो : जुलमाने, जुलमाला, जुलमी. ‘जुलूमी’ ही सर्रास दिसणारी चूक इथेच होते.

त्याच अरबी मुळातला ‘झालिम’ म्हणजे जुलूम करणारा. मराठीत मात्र त्याचा ‘जालीम’ झाला आणि अर्थ फिरला : जालीम विष, खोकल्यावर जालीम उपाय. म्हणजे तीव्र, हमखास लागू पडणारा. हिंदीच्या वळणाने ‘जालीम राजा’ लिहिले की मराठी कानाला खटकते. माणसासाठी जुलमीच लिहावे.

जवळचे शब्दही तपासून वापरावेत. ‘छळ’ संस्कृतातल्या ‘छल’वरून आला, तिथे त्याचा अर्थ कपट, मराठीत यातना. ‘जाच’ रोजचा, बारीक, घरातला : सासूचा जाच, सावकाराचा जाच.

सौम्य अर्थही रुळले आहेत. मनाविरुद्ध केलेले काम म्हणजे ‘जुलमाचा रामराम’. पंगतीत तिसरी शेंगापोळी पानात पडू लागली की पाहुणा पानावर आडवा हात धरून म्हणतो, “आता जुलूम करू नका.” लावणीत तर जिवलगाची नजरही जुलमी असते.