मार्च ते मे: नगरपालिकांच्या सूचनांचा हंगाम कसा घडला

थंडी ओसरली की समशीतोष्ण देशांतल्या शहरांत नगरपालिकेच्या पत्रकांची आणि संदेशांची एकच गर्दी उडते. नव्या वर्षाची करआकारणी, अर्थसंकल्पाची सभा, अमुक तारखेला रस्ते धुणार तेव्हा गाड्या हलवा, दोन दिवस नळाला गढूळ पाणी येईल, अडगळीचं सामान नेणारी गाडी येत आहे, मतदार यादीत नाव तपासा, झाडं लावायला या, घड्याळ तासभर पुढे करा. एका कागदावर इतके विषय पाहिले की कुणीतरी कार्यालयातल्या सगळ्या टेबलांवरचे कागद गोळा करून एकत्र छापले असावेत असं वाटतं. खरं तर यातली जवळजवळ प्रत्येक ओळ वेगळ्या काळातून आणि वेगळ्या भांडणातून आली आहे. त्यातल्या सर्वांत रुक्ष ओळींसाठी बहुधा सर्वांत जास्त भांडावं लागलं आहे.

आधी पैसा. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. भाडी, खंड, देणी चुकती करण्याचाही तो एक ठरलेला दिवस. १६०१ च्या गरिबांविषयीच्या कायद्याने प्रत्येक पॅरिशवर, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या वस्तीवर, एक जबाबदारी टाकली: दर वर्षी ईस्टरच्या आठवड्यात किंवा त्यानंतर महिनाभरात देखरेख करणारी माणसं नेमायची आणि तिथल्या रहिवाशांकडून कर गोळा करून गरिबांची सोय करायची. स्थानिक कराचं वसंताशी असलेलं नातं इतकं जुनं आहे. १७५२ मध्ये कॅलेंडर बदललं, २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला आणि वर्ष १ जानेवारीला सुरू होऊ लागलं. हिशेबाच्या वह्यांनी मात्र मार्च-एप्रिल सोडला नाही. १८५४ पासून ब्रिटिश सरकारचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपू लागलं आणि भारतात १८६७ पासून १ एप्रिल रूढ झाला, त्याआधी ते १ मेपासून धरत. जपानने १८८६ मध्ये एप्रिल स्वीकारला. या सगळ्या ठिकाणी शहराचा अर्थसंकल्प हिवाळ्याच्या शेवटी मंजूर होतो आणि त्याची बिलं वसंतात दारात येतात.

कर बसवणं एक आणि तो बसवल्याचं सांगणं दुसरं. सूचनांचा सगळा इतिहास या दुसऱ्या गोष्टीभोवती फिरतो. पॅरिशचे अधिकारी आपसात बसून आकडे ठरवत आणि कुणाला किती लागला हे शेजाऱ्यालाही कळत नसे. १७४३ च्या एका कायद्याने यावर साधा उपाय काढला: कर मंजूर झाल्यानंतरच्या रविवारी त्याची सूचना चर्चमध्ये सर्वांसमोर द्यायची. दिली नाही तर तो करच अवैध. शिवाय एक शिलिंग भरून कुणाही रहिवाशाला करआकारणीची वही पाहता येईल. सूचना देणं ही मेहरबानी नाही, ती दिली नाही तर वसुलीचा हक्कच उरत नाही, हा विचार इथे स्पष्ट लिहिलेला दिसतो. आजही अनेक देशांत जाहीर नोटीस नीट दिली नाही म्हणून न्यायालयं पालिकांचे निर्णय रद्द करतात, ते याच तत्त्वावर.

प्रार्थनेच्या मध्येच कर, निवडणुका आणि हरवलेल्या गुरांच्या घोषणा ऐकणं हळूहळू सगळ्यांनाच नकोसं झालं असणार. १८३७ च्या कायद्याने चर्चमध्ये अशा सूचना वाचून दाखवणं बंद केलं आणि त्या लिहून किंवा छापून दाराजवळ लावायला सांगितलं. दवंडीकडून फलकाकडे जाण्याचा हा टप्पा. माझ्या मते छापखान्याच्या शोधाइतकाच तो सामान्य रहिवाशाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, कारण ऐकलेलं नाकारता येतं, दारावर लागलेलं नाकारता येत नाही.

अटलांटिकच्या पलीकडे न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे आजच्या अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या, वसाहतींनी याहून कडक पद्धत ठेवली. तिथे गावाची वार्षिक सभा मार्चमध्ये भरते. व्हरमाँटमध्ये मार्चचा पहिला मंगळवार, न्यू हॅम्पशरमध्ये दुसरा. शेतकऱ्याच्या सोयीचा हा काळ: हिवाळा सरत आलेला आणि पेरणीची कामं अजून लागायची आहेत. सभेपुढे येणारा प्रत्येक विषय आधी लिहून चारचौघांत लावावा लागतो. व्हरमाँटच्या कायद्यात ही मुदत सभेआधी किमान ३० आणि जास्तीत जास्त ४० दिवस अशी आहे. जे त्या कागदावर नाही, त्यावर बंधनकारक ठराव करता येत नाही. आपल्याकडच्या सभांमध्ये ‘ऐन वेळचे विषय’ या नावाखाली जे काय काय मंजूर होतं ते आठवलं की या नियमाची किंमत कळते. सभेआधी गावाचा छापील वार्षिक अहवालही लोकांना मिळतो: कुणी किती कर थकवला, रस्त्यांवर किती खर्च झाला, वाचनालयात किती पुस्तकं आली. आजच्या नगरपत्रकाचा थेट पूर्वज शोधायचा तर तो हा अहवाल.

इंग्लंडमधल्या शहरांची अवस्था मात्र वेगळी होती. तिथल्या जुन्या महापालिकांपैकी कित्येक म्हणजे बंद मंडळं. सभासद स्वतःच आपले वारस निवडत. १८३५ च्या कायद्याने १७८ नगरांत करदात्यांनी निवडलेली कौन्सिलं आणली आणि हिशेबांची तपासणी सक्तीची केली. याच कायद्याने नगरांच्या निवडणुका १ नोव्हेंबरला ठेवल्या होत्या. त्या मे महिन्यात सरकल्या त्या १९४९ मध्ये. जपाननेही १९४७ मध्ये देशभरच्या स्थानिक निवडणुका एकत्र घेतल्या त्या एप्रिलमध्ये, आणि दर चार वर्षांनी तो महिना पाळला जातो. अर्थसंकल्प आणि मतदान असे हाताच्या अंतरावर आले की पत्रकातली भाषा सावध होते. ब्रिटनमध्ये मतदानापूर्वीचे काही आठवडे कौन्सिलने प्रसिद्धीत हात आखडता घ्यायचा असतो.

सफाईच्या ओळी आल्या त्या भीतीतून. एकोणिसाव्या शतकात पटकी, म्हणजे कॉलरा, उन्हाळ्यात पसरते हे शहरांना अनुभवाने माहीत होतं, का पसरते ते माहीत नव्हतं. घाणीतून उठणारी दूषित हवा हेच कारण, अशी बहुतेक डॉक्टरांची समजूत. लंडनमध्ये जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचं पाणी जबाबदार असल्याचं दाखवलं तरी ते लगेच पटलं नाही. न्यूयॉर्कने १८३२ आणि १८४९ च्या साथी भोगल्या होत्या. १८६५ मध्ये युरोपात पुन्हा पटकी पसरल्याच्या बातम्या आल्या. समुद्रापलीकडून ती उन्हाळ्यापर्यंत येणार हे उघड होतं. १८६६ च्या फेब्रुवारीत राज्याने महानगर आरोग्य मंडळ स्थापलं आणि मार्चपासून त्याचे निरीक्षक घरोघर फिरू लागले: संडास उपसा, उकिरडे हलवा, रिकाम्या जागेतलं शेण उचला. हुकूम पाळला नाही तर मंडळ स्वतः माणसं लावून ते काम करून घेई. त्या वर्षी पटकी आली खरी, पण आधीच्या साथींच्या मानाने बळी फार कमी पडले. शास्त्र चुकीचं, काम बरोबर. वसंतात अडगळ आणि कचरा बाहेर काढायची मोहीम ही पुढे अनेक शहरांची वार्षिक सवय झाली, आणि आता तिच्यामागे कुठली धास्ती होती हे ती राबवणाऱ्यांनाही आठवत नसेल.

त्याच शहरात १८९५ मध्ये जॉर्ज वेअरिंग हा माजी लष्करी अधिकारी सफाई खात्याचा प्रमुख झाला. त्याने सफाई कामगारांना पांढरे गणवेश दिले, मुलांची सफाई मंडळं काढली आणि मे १८९६ मध्ये कामगारांचं संचलन काढून शहराला दाखवलं. खात्याने केलेलं काम लोकांच्या डोळ्यांपुढे मांडणं हेही खात्याचंच काम, ही कल्पना इथून जोर धरते. पत्रकातल्या हसऱ्या छायाचित्रांचं मूळ शोधायचं तर बहुधा इथवर यावं लागेल.

बाकीच्या ऋतूच्या सूचनांना निसर्गाचं साधं कारण आहे. डांबराच्या भेगांत शिरलेलं पाणी हिवाळ्यात गोठून फुगतं, वितळल्यावर खाली पोकळी राहते आणि चाकांखाली खड्डा पडतो. बर्फावर घसरू नये म्हणून टाकलेली वाळू-खडी वसंतात धूळ होऊन उडते, म्हणून झाडायच्या तारखा. अग्निशमनाच्या नळांतून जोरात पाणी सोडून वाहिन्यांत साचलेला गाळ काढतात, म्हणून ते दोन दिवसांचं गढूळ पाणी. वृक्षारोपणाचा दिवस अमेरिकेतल्या नेब्रास्कातून आला: १० एप्रिल १८७२, जे. स्टर्लिंग मॉर्टन यांच्या पुढाकाराने. वसुंधरा दिनाची २२ एप्रिल ही तारीख १९७० मध्ये ठरली ती विद्यार्थ्यांची वसंताची सुटी आणि परीक्षा यांच्या मधली म्हणून.

घड्याळाची गोष्ट याहून रंगतदार, कारण एके काळी वेळ ठरवणं हा खरोखरच नगरसेवकांचा विषय होता. संध्याकाळी उजेड जास्त वेळ मिळावा आणि युद्धात कोळसा वाचावा म्हणून जर्मनीने ३० एप्रिल १९१६ ला घड्याळं तासभर पुढे केली, मग इतरांनी. अमेरिकेने १९१८ मध्ये ते स्वीकारलं आणि शेतकऱ्यांच्या विरोधामुळे १९१९ मध्ये रद्द केलं. पण न्यूयॉर्कसारख्या शहरांनी आपापल्या ठरावाने ते चालू ठेवलं. दुसऱ्या महायुद्धानंतर तर प्रत्येक गावाची तऱ्हा वेगळी. ओहायोतलं स्ट्यूबेनव्हिल ते वेस्ट व्हर्जिनियातलं माउंड्सव्हिल या जेमतेम ३५ मैलांच्या बसप्रवासात वेळ सात वेळा बदलायची. १९६५ च्या मे महिन्यात मिनियापोलिस आणि सेंट पॉल या चिकटून असलेल्या शहरांत काही दिवस एका तासाचा फरक होता. अखेर १९६६ च्या कायद्याने हा अधिकार शहरांच्या हातून काढला. पत्रकात आता उरली आहे ती फक्त आठवण करून देणारी ओळ.

एवढं सगळं सांगायचं ठरलं, तरी कुणी सांगायचं हा वाद संपला नाही. प्राचीन रोममध्ये ख्रिस्तपूर्व ५९ साली कॉन्सल, म्हणजे वर्षभरासाठी निवडलेला सर्वोच्च अधिकारी, झाल्यावर ज्युलियस सीझरने सिनेटच्या कामकाजाची रोजची नोंद प्रसिद्ध करायला लावली. पुढे सम्राट ऑगस्टसने सिनेटचं इतिवृत्त प्रसिद्ध करणं थांबवलं. सत्तेच्या सोयीने झरोका उघडायचा आणि बंद करायचा हा खेळ तेव्हापासूनचा. न्यूयॉर्कमध्ये विल्यम ट्वीड या पुढाऱ्याच्या भ्रष्ट टोळीने पालिकेच्या जाहिरातींचा पैसा वाटून वृत्तपत्रं गप्प केली होती. ती टोळी पडल्यावर १८७३ मध्ये शहराने ‘सिटी रेकॉर्ड’ हे स्वतःचं सूचनापत्र काढलं. आजही ते निघतं.

वेल्समधल्या टेन्बी गावात याच्या उलट घडलं. तिथल्या कौन्सिलने स्थानिक वृत्तपत्राच्या संपादकाला सभेबाहेर ठेवलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि पत्रकाराला सभेत बसायचा हक्कच नाही असा निकाल लागला. त्यावर ओरड होऊन १९०८ मध्ये संसदेने पत्रकारांना प्रवेश देणारा कायदा केला. सामान्य नागरिकासाठी मात्र दार उघडायला १९६० उजाडावं लागलं. ते विधेयक मांडलं होतं नव्याने निवडून आलेल्या मार्गारेट थॅचर यांनी. त्यांचं संसदेतलं पहिलं भाषण याच विषयावरचं. स्थानिक सभा लोकांसाठी खुल्या ठेवायला लावणारा, कॅलिफोर्नियात १९५३ मध्ये आलेला ब्राऊन कायदाही एका वृत्तपत्राने बंद दाराआडच्या सभांवर मालिका लिहिल्यानंतरचा.

मग पालिकांनी स्वतःची वृत्तपत्रंच काढायला सुरुवात केली आणि गाडी दुसऱ्या टोकाला गेली. करदात्यांच्या पैशातून छापलेल्या पानांत सत्ताधाऱ्यांचं कौतुक, वर खासगी वृत्तपत्रांच्या जाहिराती पळवणं, असे आरोप ब्रिटनमध्ये वाढले. १९८६ च्या कायद्याने कौन्सिलना राजकीय प्रचाराचं साहित्य छापायला बंदी केली. २०११ मध्ये मंत्री एरिक पिकल्स यांच्या काळात इंग्लंडसाठी आलेल्या संहितेने मोठ्या कौन्सिलचं पत्र तीन महिन्यांतून एकदाच निघावं असं ठरवलं. कौन्सिलचं म्हणणं असं, की कायदेशीर नोटिसांसाठी खासगी वृत्तपत्रांना मोजावे लागणारे पैसे यातून वाचत होते. दोन्ही बाजूंच्या बोलण्यात तथ्य आहे, आणि स्थानिक वृत्तपत्रं तरीही बंद पडतच राहिली.

या प्रवासाची एक काळी बाजूही आहे. जपानमध्ये वस्तीची सूचनापाटी घरोघर फिरते. वाचायची, शिक्का उमटवायचा, शेजाऱ्याकडे द्यायची. १९४० मध्ये शेजारगट सक्तीचे झाले, तेव्हा याच पाट्यांवरून शिधावाटपाच्या आणि हवाई हल्ल्यांच्या सूचना फिरल्या आणि शेजाऱ्यांवर नजर ठेवण्याचं कामही त्या गटांकडे आलं. ते गट १९४७ मध्ये मोडले गेले, पाटी मात्र अनेक ठिकाणी अजून फिरते.

रहिवाशाने उलट पालिकेला सांगायचं, ही सोय मात्र अगदी अलीकडची. अमेरिकेतल्या बाल्टिमोरने २ ऑक्टोबर १९९६ ला तक्रारी सांगण्यासाठी ३११ हा दूरध्वनी क्रमांक सुरू केला, तोही पोलिसांच्या आणीबाणीच्या क्रमांकावरचा ताण कमी करण्यासाठी.

२०२० च्या वसंतात पत्रकांतले सगळे कार्यक्रम रद्द झाले. इंग्लंडमध्ये ४ एप्रिलपासून कौन्सिलना ऑनलाइन सभा घ्यायची मुभा मिळाली आणि कधी नव्हे इतके लोक घरबसल्या सभा पाहू लागले. हँडफोर्थ या गावच्या पॅरिश कौन्सिलमधलं भांडण तर लाखोंनी पाहिलं. मुभेची मुदत ७ मे २०२१ ला संपत होती. ती संपल्यावरही अशा सभा घेता याव्यात म्हणून प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने एप्रिलअखेर सांगितलं की स्थानिक शासनाविषयीच्या १९७२ च्या कायद्यातली सभा म्हणजे सभासदांनी एका ठिकाणी प्रत्यक्ष हजर राहून घेतलेलीच. त्या मेमधल्या वार्षिक सभांसाठी अंतर राखून बसता येईल अशी सभागृहं शोधायची पाळी आली.

फ्लोरिडात १ जानेवारी २०२३ पासून पालिकांना कायदेशीर नोटिसा वृत्तपत्राऐवजी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाच्या, वेबसाइटवर लावता येतात. त्यातली एक अट अशी: ज्यांना नोटिसा टपालाने किंवा ईमेलने हव्या आहेत त्यांनी नाव नोंदवावं, हे पालिकेने वर्षातून एकदा तरी जाहीर करायचं. तेही वृत्तपत्रात किंवा सगळ्या रहिवाशांच्या घरी पोहोचणाऱ्या एखाद्या प्रकाशनात.