पाच लाखांत वीस कोटी: क्रिप्टोचा भाव हलतो कसा

ॲपवर बिटकॉइनसमोर जो आकडा दिसतो, तो म्हणजे शेवटचा सौदा ज्या भावाला झाला तो आकडा, एवढंच. पुढचा सौदा त्याच भावाला होईल याची हमी कुणी देत नाही. नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्याच्या दोनशे गाड्या लागलेल्या असल्या, तर एखाद्या व्यापाऱ्याने चढी बोली लावली म्हणून दिवसाचा भाव फिरत नाही. हंगाम सरताना तीनच गाड्या आल्या, तर तोच व्यापारी तिन्ही उचलतो आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे ‘संत्री कडाडली’ अशी हाकाटी होते. क्रिप्टोत गाड्यांच्या जागी ऑर्डर बुक असतं, म्हणजे कोण किती नाणी कोणत्या भावाला विकायला किंवा घ्यायला उभा आहे त्याची यादी. या यादीत किती माल उभा आहे, त्याला बाजाराची खोली म्हणतात (विहिरीची असते ती खोली). सरकारी नियम असो की ऑपरेटरचा (भाव मुद्दाम हलवणाऱ्याचा) खेळ, भाव किती हलणार हे बरंचसं या खोलीवर ठरतं.

एक काल्पनिक नाणं घेऊ. एकूण १० कोटी नाणी, भाव १० रुपये, म्हणजे कागदावर १०० कोटींचा माल. विकणाऱ्यांची रांग अशी: १० रुपयांना २०,००० नाणी, १०.२० ला १५,०००, १०.५० ला १०,०००, ११ ला ८,००० आणि त्यानंतर थेट १२ रुपये. आता कुणी एकाच झटक्यात ५३,००० नाणी उचलली. पहिल्या पायरीचे २ लाख, दुसरीचे १ लाख ५३ हजार, तिसरीचे १ लाख ५ हजार, चौथीचे ८८ हजार. एकूण ५ लाख ४६ हजार रुपये. पुढचं एक नाणं १२ रुपयांना घेतलं की ॲपवर भाव १२, वाढ २० टक्के, आणि नाण्याची एकूण किंमत १२० कोटी. साडेपाच लाखांच्या खरेदीने कागदावर २० कोटी उभे राहिले. त्या २० कोटींपैकी कुणाच्याही खिशात काहीच आलेलं नाही. १२ रुपयांना घेणारा दुसरा माणूस मिळाला तरच यातून काही सुटतं.

तो दुसरा माणूस आणायचा कसा, यावर पंप अँड डंपचा सगळा धंदा चालतो. ऑपरेटर आधी आठ-पंधरा दिवस हळूहळू, भाव न हलवता माल गोळा करतो. मग टेलिग्रामच्या गटावर ‘आज रात्री ९ ला नाणं जाहीर होईल’ अशी हवा तयार केली जाते. पैसे देणाऱ्या सभासदांना नाव थोडं आधी कळतं, फुकट्यांना ९ वाजता. ९ वाजून काही सेकंदांनी बाकीचे तुटून पडतात आणि त्यांच्याच खरेदीवर ऑपरेटर माल उतरवतो. पातळ बुकात वर जाताना जितक्या कमी पैशांत भाव चढतो, तितक्याच कमी विक्रीत तो कोसळतो. म्हणून उशिरा आलेल्याला स्टॉप लॉसही (भाव ठरावीक पातळीखाली गेला की आपोआप विकण्याची सूचना) वाचवत नाही. स्टॉप लॉस लागतो ८ वर, पण घेणारा उभा असतो साडेसहावर.

पातळ बुकाचा सर्वांत उघड दाखला ऑक्टोबर २०२२ मधला. मँगो मार्केट्स नावाच्या प्लॅटफॉर्मवर एका माणसाने स्वतःच्याच दोन खात्यांमध्ये मँगो नाण्याच्या वाढीवर मोठा सौदा मांडला. मग जिथे त्या नाण्याची उलाढाल तुटपुंजी होती अशा एक्स्चेंजांवर ते झपाट्याने विकत घेतलं. तासाभराच्या आत भाव दसपटीहून वर गेला. प्लॅटफॉर्म हा फुगलेला भाव तारण म्हणून मोजत होता, त्यामुळे त्या तारणावर त्याने सुमारे ११ कोटी डॉलरची इतर नाणी ‘कर्ज’ म्हणून काढली. २०२४ मध्ये अमेरिकेत ज्यूरीने त्याला दोषी धरलं आणि मे २०२५ मध्ये न्यायाधीशांनी तो निर्णय फिरवला. प्लॅटफॉर्मवर कर्जाबाबत ना सूचना होत्या ना मनाई, मग फसवणूक नेमकी कशाची, हा प्रश्न तिथे उभा राहिला. आपल्याकडे शेअर बाजारात अशा खेळाला सेबीचे २००३ चे नियम लागू होतात. क्रिप्टोला ते लागू नाहीत, कारण कायद्याच्या दृष्टीने ही नाणी रोखे नाहीत. शेअर बाजारातलं १०, १५ आणि २० टक्क्यांचं सर्किटही (निर्देशांक इतका हलला की सौदे थांबवणारं) इथे नाही. बाजार रविवारीही चालू, दिवाळीलाही चालू.

दुसरा खेळ खोट्या उलाढालीचा असतो, भाव न हलवता गर्दी दाखवण्याचा. आपलाच माल एका हाताने विकायचा आणि दुसऱ्या हाताने घ्यायचा. शेअरवाले याला सर्क्युलर ट्रेडिंग म्हणतात. नव्या एक्स्चेंजला क्रमवारीत वर यायचं असतं, नाण्याच्या मालकाला ‘उलाढाल आहे’ असं दाखवायचं असतं. स्वतःशी सौदा केल्याने खर्च जवळपास शून्य, कारण शुल्क एक्स्चेंज स्वतःकडेच फिरवतं. मार्च २०१९ मध्ये बिटवाइज या कंपनीने अमेरिकेच्या एसईसीला (तिथली सेबी) दिलेल्या अहवालात म्हटलं होतं की बिटकॉइनच्या जाहीर उलाढालीपैकी सुमारे ९५ टक्के बनावट आहे. नंतर काही अर्थशास्त्रज्ञांनी २९ एक्स्चेंजांचे सौदे तपासले, तेव्हा नियमनाबाहेरच्या एक्स्चेंजांवर सरासरी ७० टक्क्यांहून जास्त उलाढाल खोटी निघाली.

हे कळलं कसं, ते फार सुंदर आहे. खऱ्या बाजारातल्या सौद्यांच्या आकारांत पहिला अंक १ असलेले आकडे सुमारे ३०.१ टक्के असतात, २ असलेले १७.६ टक्के, आणि उतरत उतरत ९ असलेले फक्त ४.६ टक्के. याला बेनफर्डचा नियम म्हणतात. माणसं ०.५, १, १०० असे गोल आकडेही जास्त वापरतात. बॉटने (आपोआप सौदे करणाऱ्या प्रोग्रामने) भराभर आकडे टाकले की हे दोन्ही बिघडतं: अंक सपाट वाटले जातात आणि गोल आकड्यांची गर्दी गायब होते. ही तपासणी घरबसल्या करता येते. एक्स्चेंजच्या ‘ट्रेड हिस्टरी’तून ५०० सौद्यांचं प्रमाण (रुपये नव्हे, नाणी) एक्सेलमध्ये घ्या. सुरुवातीची शून्यं सोडून पहिला अंक मोजा, ०.०१३७ चा पहिला अंक १. साधारण १५० सौदे १ ने आणि २३ च्या आसपास ९ ने सुरू झाले पाहिजेत. थोडा फरक चालतो. १ ने सुरू होणारे ६० आणि ९ ने सुरू होणारे ५५ असतील, तर त्या उलाढालीवर विश्वास ठेवू नये. मात्र नाण्याचा किमान लॉटच (एका सौद्यात घ्यावी लागणारी कमीत कमी नाणी) मोठा असेल तर प्रामाणिक बाजारही या कसोटीत नापास होतो, म्हणून हीच कसोटी बिटकॉइनवर लावून मग तुलना करावी.

आता नियमांकडे. ‘बिटकॉइनला सीमा नाहीत, मग सरकार काय करणार?’ हा प्रश्न नागपुरात ट्रॅफिक पार्क ते सदर कुठल्याही कट्ट्यावर ऐकू येतो. उत्तर सोपं आहे: नाण्याला सीमा नसली तरी रुपयाला आहे. पैसे आत येण्याचं आणि बाहेर जाण्याचं दार बँकेत आहे आणि बँक कायद्याखाली आहे. बीआयएस या मध्यवर्ती बँकांच्या संस्थेने २०१८ मध्ये अशा बातम्यांचा भावावर काय परिणाम झाला ते पाहिलं होतं. सरसकट बंदीच्या किंवा ‘हे रोखे आहेत’ अशा बातमीने भाव सर्वांत जास्त पडले, क्रिप्टोसाठी वेगळी कायदेशीर चौकट येणार म्हटल्यावर वाढले, आणि ‘सावध राहा’ छापाच्या नुसत्या इशाऱ्यांचा परिणाम दिसलाच नाही.

पण कुठल्या देशाचा नियम, यालाही महत्त्व आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये चीनने नाणी विकून पैसे उभारण्यावर बंदी घातली, पाठोपाठ तिथली एक्स्चेंज बंद होऊ लागली, आणि ५,००० डॉलरच्या जवळ गेलेला बिटकॉइन दोन आठवड्यांत ३,००० च्या आसपास आला. मोठा ग्राहक बाजारातून उठला होता. भारताचं तसं नाही. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ ला बँकांना क्रिप्टोचे व्यवहार तीन महिन्यांत थांबवायला सांगितलं. ते परिपत्रक ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या कलम १९(१)(छ) मधल्या व्यवसाय-स्वातंत्र्याच्या कसोटीवर रद्द केलं. (नागपुरातला आरबीआय चौक पुढे संविधान चौक झाला, हा निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवायला सोपा.) निकालानंतर आठच दिवसांनी, १२ मार्चला, करोनाच्या भीतीने बिटकॉइन एका दिवसात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कोसळला. दिल्लीच्या निकालाने जागतिक भाव हलत नाही. हलते ती भारतातल्या बुकाची खोली.

ती सर्वांत जास्त हलली २०२२ मध्ये. १ एप्रिलपासून नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. १ जुलैपासून प्रत्येक विक्रीवर १ टक्का टीडीएस. लोक ३० टक्क्यांवर चिडले, पण बाजार पातळ केला तो या एका टक्क्याने. समजा एक लाख रुपये घेऊन कुणी रोज खरेदी-विक्री करतो, नफाही नाही, तोटाही नाही. प्रत्येक विक्रीनंतर हातात ९९ टक्के उरतात. १०० विक्रींनंतर उरतात सुमारे ३६,६०० रुपये. बाकीचे ६३,४०० सरकारकडे जमा. विवरणपत्र भरलं की ते मिळतात, पण तोवर अडकलेले. साध्या गुंतवणूकदाराला हे परवडतं. मार्केट मेकरला (घेण्याचा आणि विकण्याचा भाव सतत लावून उभा असणाऱ्याला) नाही, कारण तो दिवसात हजारो छोटे सौदे करतो आणि प्रत्येकात शतांश-दशांश टक्का कमावतो. तो उठून गेला की १० आणि १०.२० च्या पायऱ्यांवर उभा असलेला मालही जातो. वरच्या उदाहरणातली प्रत्येक पायरी पाचवा हिस्सा उरली, तर भाव २० टक्के चढवायला साडेपाच लाखांऐवजी १ लाख ९ हजार पुरतात. सट्टा रोखायला आणलेल्या नियमाने सट्टेबाजाचा खर्च असा कमी होऊ शकतो. हा कर चूक की बरोबर यावर मतं वेगळी असतील. गणित मात्र हेच आहे.

तोट्याचा नियम तर अनेकांना विवरणपत्र भरतानाच कळतो. एका नाण्यात १ लाखाचा नफा, दुसऱ्यात ८० हजारांचा तोटा. हातात आले २० हजार. कर मात्र पूर्ण १ लाखावर, ३१,२०० रुपये. वर्ष ११,२०० रुपयांच्या खड्ड्यात संपतं. त्यामुळे माणसं तोट्यातलं नाणं विकत नाहीत, धरून बसतात, आणि विकणारे कमी झाल्याने बुक आणखी पातळ होतं.

दार अरुंद झालं की दोन बाजूंचे भावही वेगळे होतात. दक्षिण कोरियात पैसा बाहेर न्यायला निर्बंध आहेत. तिथे जानेवारी २०१८ मध्ये काही दिवस बिटकॉइन अमेरिकेपेक्षा ४० टक्क्यांपर्यंत महाग होता. आपल्याकडे हा फरक टेथर या नाण्यावर मोजायचा, कारण एक टेथर म्हणजे एक डॉलर अशी ती मांडणी आहे. ॲपवरचा टेथरचा रुपयातला भाव भागिले बँकेचा डॉलरचा भाव, वजा १. डॉलर ८५ आणि टेथर ८९ असेल तर ४.७ टक्के. इतके पैसे तुम्ही नाण्याला नाही, दारातून आत यायला देताय. दार सैल झालं की ते बुडतात, बिटकॉइन जागचा न हलताही.

हा अधिभार वाचवायला काही जण पी२पीकडे (माणसामाणसातल्या थेट सौद्याकडे) वळतात: नाणी एक्स्चेंजच्या ताब्यात, पैसे थेट अनोळखी माणसाच्या यूपीआयवर. इथे बिघडतं ते विकणाऱ्याचं. समोरच्याने सायबर फसवणुकीतले पैसे पाठवले असतील, तर तक्रारीचा माग काढत पोलिसांची नोटीस तुमच्या बँकेत येते आणि खातं गोठतं. सौद्याचा पुरावा म्हणून ऑर्डर क्रमांक, चॅट आणि पैसे आलेल्या खात्यावरचं नाव जपून ठेवावं. ज्याच्या नावावर ऑर्डर आहे त्याच्याच खात्यातून पैसे आले नाहीत, तर नाणी सोडू नयेत. परदेशी ॲपवर आपल्या पैशाच्या ५० किंवा १०० पटीने लावलेल्या सौद्यांचं काय, असं कुणी विचारलं, तर नागपूरकराला डब्बा (बाजाराबाहेर, वहीवर चालणारा सट्टा) हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. हिशेब चालवणाऱ्याच्या वहीत राहतो, फरक फक्त वहीचा.

नियम आणि खेळ एकाच ठिकाणी भेटले ते १० जानेवारी २०२४ च्या पहाटे, आपल्या घड्याळात २ वाजून ४१ मिनिटांनी. एसईसीच्या अधिकृत एक्स खात्यावर ‘बिटकॉइन ईटीएफना (शेअरसारखे विकत घेता येणारे बिटकॉइनचे फंड) मंजुरी’ असं झळकलं. बिटकॉइन हजार डॉलरहून जास्त उसळला. खातं हॅक झालं होतं. हल्लेखोराने दुसऱ्याच्या मोबाइल नंबरचं सिम मिळवून पासवर्ड बदलला होता. संस्थेने खुलासा केल्यावर भाव दोन हजार डॉलरहून जास्त उतरला. दुसऱ्या दिवशी खरीच मंजुरी आली. बातमीवर सौदा करणाऱ्या बॉटना खरी-खोटी कळत नाही. त्यांनी आधी घेतलं, मग विकलं, आणि मधे पटीत सौदे लावलेल्यांचे सौदे जबरदस्तीने कापले गेले.

खरेदीआधी बघायचं ते थोडंच. एक्स्चेंज एफआययूकडे (काळ्या पैशावर नजर ठेवणारी केंद्राची यंत्रणा) नोंदलेलं आहे का. मार्च २०२३ पासून क्रिप्टो मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आहे. ही नोंदणी काळ्या पैशापुरती आहे, भाव खरा असल्याचं ते प्रमाणपत्र नव्हे. मग ऑर्डर बुक उघडून सध्याच्या भावाच्या २ टक्के खालपर्यंत घेणाऱ्यांची एकूण रक्कम जोडा. तुमची गुंतवणूक त्याच्या विसाव्या हिश्श्याहून मोठी असेल, तर बाहेर पडताना भाव तुम्हीच पाडाल. मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाला) टाळा, लिमिट ऑर्डर (तुम्ही ठरवलेल्या भावाला) लावा. आणि मोठी रक्कम टाकण्याआधी २,००० रुपयांची नाणी घेऊन विकून पैसे बँकेत आणून पाहा. शुल्क ०.२ टक्के असेल तर विक्रीतून टीडीएस २० रुपये, शुल्क ४ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ७२ पैसे; विक्री बरोबर २,००० ला झाली असेल तर खात्यात १,९७५ रुपये २८ पैसे यायला हवेत. पैसे काढण्याचं शुल्क काही ठिकाणी वेगळं असतं. त्याहून कमी आले, किंवा तीन दिवस ‘प्रोसेसिंग’च दिसत राहिलं, तर अडकलेली रक्कम अजून दोन हजारच आहे.