ध्रुवीकरण होलोग्राफी

दोन प्रकाशझोत एकत्र आल्यावर तयार होणारी ध्रुवीकरणाची (प्रकाशलहर कोणत्या दिशेने कंप पावते त्याची) नक्षी पदार्थात नोंदवून प्रकाशीय घटक बनवण्याची पद्धत. साध्या होलोग्राममध्ये उजेड-अंधाराचे पट्टे नोंदले जातात. येथे एक झोत उजव्या आणि दुसरा डाव्या वर्तुळ-ध्रुवीकरणाचा घेतात, म्हणजे कंपनाची दिशा एकात उजवीकडे, दुसऱ्यात डावीकडे गोल फिरत राहते. त्यांच्या व्यतिकरणातून (लहरी एकमेकींत मिसळण्यातून) पट्टे उमटतच नाहीत. तीव्रता सगळीकडे सारखी राहते, बदलते ती फक्त रेषीय (एकाच रेषेत कंप पावणाऱ्या) ध्रुवीकरणाची दिशा. एका आवर्तनात (नक्षी पुन्हा तीच येईपर्यंतच्या अंतरात) ती १८० अंश फिरते. साध्या फोटोफिल्मला यातले काहीच कळणार नाही.

म्हणून दिशा ओळखणारा पदार्थ लागतो. ॲझोबेंझीनचे लांबट रेणू त्यांच्यावर पडणाऱ्या प्रकाशाच्या ध्रुवीकरणाला काटकोनात वळतात. अशा थरावर द्रवस्फटिकाचा (द्रवासारखा वाहणारा, पण रेणू एका दिशेत रचलेला पदार्थ) लेप दिला की त्याचे रेणूही तीच दिशा धरतात. मग अतिनील प्रकाशाने लेप पक्का करतात. ध्रुवीकरण नोंदवण्याची कल्पना जॉर्जिया देशातील शास्त्रज्ञ काकिचाश्विली यांनी १९७२ मध्ये मांडली.

तयार घटक म्हणजे जागोजागी अक्ष (रेणूंची दिशा) वळत गेलेली अर्धतरंग पट्टी, म्हणजे प्रकाशाच्या दोन काटकोनी कंपनांत अर्ध्या तरंगाचा फरक पाडणारी पट्टी. लेपाचे द्विअपवर्तन (दोन दिशांच्या अपवर्तनांकांतला फरक) ०.१५ असेल, तर ५५० नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशासाठी जेमतेम १.८ मायक्रोमीटर जाडी पुरते. उजवा वर्तुळ-ध्रुवित प्रकाश यातून डावा होऊन बाहेर पडतो, आणि अक्ष जितका वळलेला असेल त्याच्या दुप्पट त्याची कला (लहरीची चढउतारातली स्थिती) सरकते. डाव्याची कला उलट दिशेने सरकते. त्यामुळे उजवा एका बाजूला वळतो, डावा दुसऱ्या. रेषीय ध्रुवित प्रकाश दोघांत निम्मा-निम्मा वाटला जातो. नक्षीचे आवर्तन २ मायक्रोमीटर असेल, तर ५३२ नॅनोमीटरचा लेसर सुमारे १५ अंशांनी वळतो. अक्षांची मांडणी वर्तुळाकार केली की भिंग मिळते, आणि तेही गमतीचे: एका ध्रुवीकरणाला बहिर्गोल, दुसऱ्याला अंतर्गोल.

ही कला जाडीमुळे नव्हे, ध्रुवीकरण ज्या वाटेने बदलत गेले त्या वाटेमुळे मिळते. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत काम करणाऱ्या शिवरामकृष्णन पंचरत्नम यांनी १९५६ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ती दाखवून दिली होती. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ मायकेल बेरी यांचा १९८४ मधील भौमितिक (अशा वाटेमुळे मिळणाऱ्या) कलेवरचा शोधनिबंध गाजला, त्यानंतरच पंचरत्नम यांच्या कामाकडे जगाचे नीट लक्ष गेले. ते १९६९ मध्येच वारले होते. आज या घटकांना दोघांचीही नावे जोडतात.

अडचण रंगांची आहे. अर्धतरंगाची अट एकाच तरंगलांबीला तंतोतंत जुळते. इतर रंगांचा काही भाग न वळता सरळ निघून जातो. एकमेकांवर पिळाचे (जाडीभर अक्ष पिळत जाणारे) थर चढवून हा दोष बराच कमी करता येतो. मात्र तांबडा प्रकाश निळ्यापेक्षा जास्त वळतो, ते विवर्तनातच (बारीक नक्षीतून प्रकाश वळण्यातच) असल्याने थर वाढवून टळत नाही.