वनस्पतींच्या परस्परसंबंधांच्या नोंदी : मांडणी आणि पडताळणी

आंब्याच्या फांदीवर बांडगूळ, बांडगुळाच्या फुलात चोच घालणारा शिंजीर आणि त्याचीच पिकली फळे खाऊन चिकट बी दुसऱ्या फांदीला लावणारा फुलटोचा. एका झाडाभोवतीचे हे तीन वेगळे संबंध आहेत. रानातल्या वहीत टिपलेले असे संबंध ठरावीक साच्यात बसवून त्यांचा खरेपणा तपासण्याचे हे काम आहे.

मांडणीचा पाया एकच : एका ओळीत एक संबंध. कोणी, कोणाशी, काय केले, कुठे, केव्हा, हे वेगवेगळ्या रकान्यांत जाते. ‘फुलात चोच घातली’ हे निरीक्षण झाले. ‘परागीभवन केले’ हा निष्कर्ष आहे, तो या रकान्यात लिहू नये. जैवविविधतेच्या नोंदींसाठी ‘डार्विन कोअर’ ही प्रमाण शब्दावली २००९ पासून मान्य आहे. दोन नोंदींमधले नाते लिहिण्याची सोयही तिच्यात आहे.

पडताळणीत सर्वाधिक घोळ नावांचा होतो. खानदेशातला अंजन म्हणजे हार्डविकिया बिनाटा, तर महाबळेश्वरच्या रानातला अंजन म्हणजे मेमेसिलॉन अम्बेलेटम. बाभळीचे अकेशिया निलोटिका हे नाव बदलून वाचेलिया निलोटिका झाले. अशा वेळी वहीतले मूळ नाव कधीही खोडू नये. आजचे मान्य नाव शेजारच्या रकान्यात द्यावे.

जागेची चूक नकाशावर टाकताच सापडते. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली, की महाबळेश्वरची करवंदाची जाळी थेट नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात जाऊन पडते. तारखेची चूक मात्र लपून राहते : ५/९ म्हणजे ५ सप्टेंबर की ९ मे? म्हणून २०२३-०९-०५ असे वर्ष आधी लिहितात.

शून्य आणि रिकामा रकाना यांतला फरक सर्वांत जपण्यासारखा आहे. अर्धा तास फुलांसमोर बसूनही एकही कीटक आला नाही, तर ते शून्य. पावसामुळे बसताच आले नाही, तर रकाना रिकामा, सोबत कारणाचा शेरा. पण ‘एका ओळीत एक संबंध’ या साच्यात न घडलेल्या भेटीला ओळच मिळत नाही. त्यासाठी निरीक्षणाच्या प्रत्येक बैठकीचा वेगळा तक्ता ठेवावा लागतो : बैठकीचा क्रमांक, सुरुवात, शेवट, हवामान, पाहिलेली फुले. संबंधांच्या प्रत्येक ओळीत हाच क्रमांक येतो. बैठक झाली, पण तिच्या क्रमांकाची तिथे एकही ओळ नाही, तर ते शून्य. बैठकांचा हा तक्ता नसेल, तर पावसात बुडालेला आठवडा पुढे कोणालाही कीटकच नसलेला आठवडा वाटेल.