म्युझिक व्हिडिओ : निर्मितीची पद्धत

गाण्याच्या प्रसिद्धीसाठी रेकॉर्ड कंपनी किंवा कलाकार जो लघुपट करवून घेतो तो म्युझिक व्हिडिओ. १९७५ मध्ये ‘क्वीन’ या ब्रिटिश बँडने ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चे चित्रीकरण काही तासांत, सुमारे साडेचार हजार पौंडांत उरकले होते. १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही ही म्युझिक व्हिडिओ दाखवणारी वाहिनी सुरू झाली आणि त्यानंतर व्हिडिओ करवून घेण्याची एक ठरावीक व्यवस्था उभी राहिली.

मोठ्या कंपन्यांत या कामासाठी ‘व्हिडिओ कमिशनर’ असतो. तो गाणे, अंदाजे बजेट आणि कलाकाराच्या अपेक्षा एकाच वेळी अनेक दिग्दर्शकांना कळवतो. प्रत्येक जण चित्रे आणि संदर्भ जोडून आपली कल्पना लिहून पाठवतो. तिला ‘ट्रीटमेंट’ म्हणतात. काम एकालाच मिळते, पण ट्रीटमेंटचे पैसे सहसा कोणालाच मिळत नाहीत. या व्यवसायातला हा सर्वांत उघड अन्याय आहे. निवड झाली की करार निर्मितीसंस्थेशी होतो आणि ठरलेल्या रकमेत काम बसवणे ही तिची जबाबदारी ठरते.

चित्रीकरण बहुधा एक-दोन दिवसांत आटोपते. सेटवर गाणे मोठ्याने वाजते आणि गायक त्यावर ओठ हलवतो. दृश्य संथ गतीत हवे असेल तर गाणे दुप्पट वेगाने वाजवतात आणि कॅमेरा सेकंदाला २४ ऐवजी ४८ चौकटी टिपतो. गायकाला त्या वेगाने शब्द उच्चारावे लागतात. पुढे चित्र नेहमीच्या वेगाने दाखवले की ओठ गाण्याशी जुळतात, पण केस आणि कपडे तरंगत राहतात. नंतर संकलन, रंगसंस्करण आणि कलाकाराची व कंपनीची मंजुरी.

खर्च कंपनी करते असे वरकरणी दिसते. प्रत्यक्षात अनेक करारांनुसार त्यातला मोठा हिस्सा, पुष्कळदा निम्मा, कलाकाराच्या मानधनातून वळता होतो. त्यामुळे महागडा व्हिडिओ नवख्या गायकाला जडच जातो. पैसे उभे करण्याच्या वेगळ्या वाटाही निघाल्या. मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’साठी (१९८३, दिग्दर्शक जॉन लँडिस) चित्रीकरणावरच्या माहितीपटाचे हक्क वाहिन्यांना विकून खर्चाची तजवीज झाली.

भारतात १९९० च्या दशकात इंडीपॉपमुळे, म्हणजे चित्रपटांबाहेरच्या पॉप गाण्यांमुळे, हा प्रकार घरोघरी पोचला. अलिशा चिनॉय यांच्या ‘मेड इन इंडिया’चा (१९९५) व्हिडिओ केन घोष यांनी दिग्दर्शित केला होता. हिंदी चित्रपटांच्या गाण्यांना वेगळा व्हिडिओ सहसा लागत नाही, कारण त्यांचे चित्रीकरण चित्रपटातच झालेले असते. मराठीत आज यूट्यूबसाठी निघणाऱ्या स्वतंत्र गाण्यांत कमिशनर हा दुवा बहुधा नसतो. निर्माता स्वतःच पैसे घालतो, ओळखीतला दिग्दर्शक निवडतो आणि गाणे आपल्याच चॅनेलवर टाकतो.