मेट्रोजवळचे दोन भाडेकरू: एक कायद्याच्या आधाराने राहणारा, दुसरा अकरा महिन्यांच्या कराराने

मेट्रोलगतच्या भाडेवाढीचा विषय निघाला की नागपुरात कोणीतरी हमखास सांगतो, ‘घाबरू नका, वर्षाला ४ टक्क्यांच्या वर भाडं वाढवताच येत नाही.’ हा सल्ला ऐकून निर्धास्त बसलेल्या कुटुंबांना पुढच्या वर्षी घर शोधत फिरावं लागतं, म्हणून एकदा नीट सांगायला हवं.

घरमालकाचं गणित सगळ्यांना कळतं. मार्च २०१९मध्ये खापरी–सीताबर्डी गाडी सुरू झाली, डिसेंबर २०२२मध्ये पहिला टप्पा पूर्ण झाला. मार्गाच्या दोन्ही बाजूंना ५०० मीटरच्या पट्ट्यात ४पर्यंत एफएसआय (म्हणजे भूखंडाच्या चौपटीपर्यंत बांधकाम) मिळू शकतो, त्यामुळे जुन्या बंगल्यांकडे बिल्डरांचं लक्ष आहे. मालक स्वतः तिथेच राहत असेल तर वाढलेला भाव कागदावरच राहतो, पण त्याला कोणी उठवू शकत नाही. एवढं पुरे.

खरा घोळ ‘भाडेकरू’ म्हणताना होतो. चितार ओळी, गांधीबाग, सीताबर्डीच्या जुन्या वाड्यांत पिढ्यान् पिढ्या राहणारं कुटुंब आणि शंकरनगर किंवा सुभाषनगरला दोन वर्षांपूर्वी आलेलं नोकरदार जोडपं, दोघेही भाडंच भरतात. कायदा मात्र त्यांना एका रांगेत बसवत नाही.

पहिलं कुटुंब महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ खाली येतं. ४ टक्के वार्षिक वाढ त्यांच्यासाठी आहे. ठरलेलं भाडं भरत राहिले तर कायद्यात दिलेल्या कारणांशिवाय त्यांना काढता येत नाही. इमारत पाडून नवी बांधायची असली तरी मालकाला कोर्टात जावं लागतं. विदर्भात त्याआधी १९४९चा सी. पी. अँड बेरार आदेश होता आणि भाडेकरूला नोटीस देण्याआधी मालकाला रेंट कंट्रोलरची, म्हणजे भाडे नियंत्रण अधिकाऱ्याची, परवानगी लागायची. आपल्या वडीलधाऱ्यांच्या डोक्यात तोच काळ पक्का बसला आहे, आणि ४ टक्क्यांचा दिलासा सरसकट सगळ्यांना वाटला जातो तो तिथूनच.

दुसऱ्या जोडप्याने सही केली आहे अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर. म्हणजे त्यांच्याकडे घराचा ताबा नाही, फक्त राहण्याची परवानगी आहे. मुदत संपली की परवानगी संपली. नव्या करारात मालकाने ४ टक्के मागावेत की ४०, यावर भाडे नियंत्रण कायद्याची मर्यादा नाही. मुदतीनंतरही घर सोडलं नाही तर दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. ‘आम्ही खरं तर भाडेकरूच आहोत’ हा युक्तिवाद टिकत नाही, कारण लेखी करारात जे लिहिलं आहे तोच निर्णायक पुरावा. मेट्रोमुळे एखादी वस्ती महागली की पहिला फटका यांनाच बसतो, आणि तो कायद्याला धरूनच बसतो.

एका गोष्टीचा मला मनस्वी राग येतो: ‘अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी कशाला?’ महाराष्ट्रात मुदत कितीही असो, लेखी करार आणि त्याची नोंदणी बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर वादात करारातल्या अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकाने वेगळं सिद्ध करेपर्यंत. नुसत्या नोटरीच्या कागदावर भागवणारे मालक स्वतःचंच नुकसान करतात, आणि राहणाऱ्यालाही आपण नक्की कुठल्या अटींवर राहतोय ते कळत नाही.

स्टेशनच्या जवळ घर घेत असाल तर अकरा महिन्यांचा करार घेऊच नका. ३६ महिन्यांचा मागा, दरवर्षीची वाढ आकड्यात लिहून घ्या, आणि मुदतीआधी मालकाला घर परत मागता येणार नाही अशी अट घाला. तुमच्या घरासाठी ४ टक्क्यांचा आकडा हवा असेल, तर तो या कागदावरच लिहून घ्यावा लागेल.